वार एकाचा, खुनाचा आरोप चौघांवर: ३(५) लावायचं की ६१(२)?

कलमवाचक
कल्पित प्रसंग. ‘क’ने सुपारी दिली. माणूस घरातून निघाल्याचं ‘ख’ने फोनवर कळवलं, ‘ग’ने मोटारसायकल चालवली आणि ‘घ’ने चाकू मारला. ‘क’ त्या दिवशी दुसऱ्या शहरात होता. चौघांनाही भारतीय न्याय संहितेचं १०३(१), म्हणजे खुनाचं कलम, लागेल का? लागलंच तर ३(५)मधून (सामाईक इरादा, म्हणजे मिळून ठरवलेला हेतू), की ६१(२)मधून (गुन्हेगारी कट)?

सत्रन्यायालय_बाक३
आधी घटनेची तारीख बघा. १ जुलै २०२४च्या आधीची असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेची ३०२, ३४, १२०-ब हीच कलमं लागतील, गुन्हा नंतर नोंदवला असला तरी.

३(५) हा स्वतंत्र गुन्हा नाही, म्हणून दोषारोपात (न्यायालय आरोपीवर ठेवतं त्या लेखी आरोपात) ‘१०३(१) सह ३(५)’ असं लिहितात. त्यासाठी सामाईक इरादा आणि कृत्यात सहभाग, दोन्ही लागतात. इरादा जागच्या जागीही जुळू शकतो. पण दोघांच्या मनात सारखाच इरादा असणं म्हणजे सामाईक इरादा नव्हे, हे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय) महबूब शाह प्रकरणात १९४५ सालीच सांगितलं. विद्यार्थी हमखास इथेच घसरतात.

‘ग’ने चाकूला हात लावला नाही, हा बचाव फारसा टिकत नाही. बरेंद्रकुमार घोष प्रकरणात (१९२५) पोस्टमास्तरचा खून झाला होता. आपण नुसते बाहेर अंगणात उभे होतो, असं आरोपीचं म्हणणं होतं. तरीही शिक्षा कायम राहिली. मात्र कशासाठी चाललोय हे ‘ग’ला माहीत होतं, हे सरकार पक्षाने दाखवायला हवं. नुसतं सोबत असणं पुरत नाही.

‘क’साठी ६१(२)(अ). इथे करार हाच गुन्हा आहे, हजेरी लागत नाही. शिक्षा अपप्रेरणेसारखी (गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत), म्हणजे कटानुसार खून झाला तर खुनाचीच. खून झालाच नाही तर कलम ५५: सात वर्षांपर्यंत, आणि दुखापत झाली असेल तर चौदा.

१९० (बेकायदा जमावाचं कलम) विसरा, त्याला किमान पाच जण लागतात.

पुरावा_आधी
कलम लावणं सोपं आहे, खटला पडतो तो पुराव्यावर. ‘ख’चंच बघा. कॉल रेकॉर्डवरून फोन झाला एवढंच कळतं, बोलणं काय झालं ते नाही. त्याच्या जोडीला पैशांचा माग, आधीच्या भेटी, खुनानंतर लगेच ‘घ’ला केलेला फोन असं काही जुळलं तर साखळी होते. शिवाय कॉल रेकॉर्डला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याचा कायदा) ६३(४)चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र हवं, भाग अ आणि तज्ज्ञाचा भाग ब दोन्ही. ते जोडलं नसेल तर बचाव पक्ष पहिला हात तिथेच घालतो.

दुसरी अडचण त्याच अधिनियमाच्या कलम ८ची (जुन्या पुरावा कायद्याचं १०). एका कटवाल्याचं बोलणं दुसऱ्याविरुद्ध वापरता येतं, पण कट होता असं मानायला आधी वाजवी कारण हवं आणि ते बोलणं कट चालू असतानाचं हवं. मिर्झा अकबर (१९४०) प्रकरणापासून हा नियम पक्का आहे. अटकेनंतर ‘घ’ने पोलिसांना ‘क’चं नाव सांगितलं, तर ते कलम ८खाली येत नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब म्हणून तो तसाही बाद.

न्यायालय प्रत्येक आरोपीचा धागा वेगळा तपासतं. राजीव गांधी हत्या खटल्यात विशेष न्यायालयाने २६ जणांना फाशी सुनावली होती. १९९९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या १९ जणांना हत्या आणि कटाच्या आरोपांतून सोडलं.

कलमवाचक
आभारी आहे. समजा ‘ख’, ‘ग’, ‘घ’ तिघेही सुटले, तर एकट्या ‘क’ला कटासाठी शिक्षा होईल?

सत्रन्यायालय_बाक३
कट फक्त या चौघांचाच असा दोषारोप असेल तर नाही, एकट्याचा कट होत नाही. तोपन दास प्रकरण (१९५५) वाचा. ‘आणि इतर अज्ञात किंवा फरार इसम’ असं दोषारोपात असेल आणि पुराव्यात ते दिसत असेल, तर होऊ शकते. म्हणून हे शब्द दोषारोप ठेवतानाच घालायचे असतात.