विषय: कार्यकर्त्यांच्या जेवणासाठी ते थाई हॉटेल नको

मंडळी, नमस्कार.

गणेशोत्सवाच्या कार्यकर्त्यांचं जेवण सनीवेलच्या त्या थाई हॉटेलात ठरतंय असं कळलं. बुकिंगआधी कृपया हे वाचा.

गेल्या वर्षी तिथली हिरवी करी खाऊन आम्ही खूश होतो. म्हणून परवा आई-बाबांना मुद्दाम घेऊन गेलो आणि हिरमोड झाला. या करीची खरी रीत म्हणजे नारळाच्या घट्ट दुधाला तेल सुटू द्यायचं, मग त्यात वाटण परतायचं; तेव्हा वर हिरवट तवंग धरतो. आमच्यापुढे आलं ते पांढुरकं, गुळमट पाणी. बेसिल पिझ्झावर घालतात तसली. थाई तुळशीचा बडीशेपेसारखा वास कुठेच नाही.

बाबा शाकाहारी. टोफू करीपुढे मेन्यूत हिरवं पान छापलंय, तरी विचारून घेतलं. वेटर आत जाऊन आला आणि म्हणाला, वाटण तयार येतं, त्यात सुंगटाची, म्हणजे कोळंबीची, पेस्ट असते. पपईच्या सॅलडमध्येही माशाचा सॉस. बाबांनी नुसता भात आणि काकडी खाल्ली. त्या भाताचे वेगळे 5 डॉलर, करीचे 26. मला फार वाईट वाटलं.

वर 20 टक्के सर्व्हिस चार्ज, आणि त्याखाली टिपचा रकाना!

– मीनल

---

मीनलताई,

बरं झालं लिहिलंत. आपल्याकडे निम्मे लोक शाकाहारी, तेव्हा त्या हिरव्या पानावर विसंबून चालणार नाही.

सर्व्हिस चार्ज मेन्यूवर कुठे लिहिला होता? कॅलिफोर्नियात 1 जुलै 2024 पासून छुपे आकार लावायला बंदी आहे. हॉटेलांना त्यातून सवलत मिळाली, पण आकार मेन्यूवर ठळक दाखवायची अट आहे.

– सुहास, खजिनदार

---

सुहासकाका,

शेवटच्या पानाच्या तळाशी, इतक्या बारीक अक्षरात की आईला चष्मा लावूनही वाचता येईना. मॅनेजरला दाखवलं, तर म्हणाले, "सगळेच लावतात." टिपच्या रकान्यात मी शून्य लिहिलं.

– मीनल

---

मग ते नकोच. वर्गणीचे पैसे तिथे घालायला माझी तयारी नाही. फ्रीमाँटला वाटण घरी करणारं कुणी माहीत असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा. सुंगट आणि माशाचा सॉस वगळून करी करून देतील का, हे मी स्वतः फोन करून विचारतो.

– सुहास