मदत हवी आहे: क्लस्टरवर आत्ता कुठल्या क्वेरी चालू आहेत ते एकाच जागी कसं दिसेल?

निळी_शाई
सगळे अपडेट अडकलेत, ॲप टाइमआउट देतंय. क्लस्टरमधल्या मुख्य नोडवर (सर्व्हरवर) पाहिलं तर सगळ्या क्वेरी 'ॲक्टिव्ह' दिसतात, पण कोण कोणाला अडवतंय ते कळत नाही. प्रत्येक नोडवर लॉगिन करून शोधत बसायला वेळ नाही. सगळ्या नोडचं चित्र एका फटक्यात मिळतं का? रीस्टार्ट करा असं सांगू नका, ते शक्य नाही.

खडूफळा
डेटाबेस कुठला? आवृत्ती? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

वेगळी_वाट
क्लिकहाऊस असेल तर सोपं आहे. सिस्टिम.प्रोसेसेस त्या त्या नोडपुरतंच दाखवतं, म्हणून ते क्लस्टर-ऑल-रेप्लिकाज फंक्शनमधून वाचायचं. इनिशियल_क्वेरी_आयडीवरून मूळ क्वेरी आणि तिचे इतर नोडवरचे तुकडे जुळतात. मग 'किल क्वेरी ऑन क्लस्टर'. आम्ही रोज हेच करतो.

निळी_शाई
क्लिकहाऊस नाही, पोस्टग्रेस आहे. चालू क्वेरींची यादी देणारं पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीच बघतेय मघापासून.

पाटीपेन्सिल
व्हेअरमधल्या कॉलमवर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) आहे का? एक्स्प्लेन (क्वेरी कशी चालते त्याचा आराखडा) काढून इथे टाका. बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं.

खडूफळा
@पाटीपेन्सिल, हळू क्वेरी वेगळी आणि अडकलेली वेगळी. लॉकची, म्हणजे दुसऱ्याने धरून ठेवलेला डेटा सुटायची, वाट बघणाऱ्या अपडेटला इंडेक्सचा काय उपयोग? उलट आत्ता इंडेक्स बनवायला घेतला तर 'कॉनकरंटली' लिहूनही तो जुनी ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के होणारे बदल) संपायची वाट बघत रांगेत उभा राहील.
@निळी_शाई, पोस्टग्रेसचं क्लस्टर म्हणजे काय? नुसत्या रेप्लिका (डेटाच्या प्रती), की वर एखादं एक्स्टेन्शन?

निळी_शाई
ते माहीत नाही, सेटअप आधीच्या टीमने केलाय. एका वर्करवर (मुख्य नोड सोडून दुसऱ्या नोडवर) शिरले तर 'अपडेट ऑर्डर्स_१०२०४१' असं काहीतरी दिसतंय, वेट_इव्हेंट_टाइप 'लॉक'. या नावाचं टेबल आम्ही बनवलेलंच नाही! आणि बऱ्याच ओळींत क्वेरीच्या जागी नुसतं 'इनसफिशियंट प्रिव्हिलेज'.

तळटीप
मग हे सायटस आहे, पोस्टग्रेसची टेबलं अनेक नोडवर वाटणारं एक्स्टेन्शन. तो आकडा शार्डचा, म्हणजे टेबलच्या एका तुकड्याचा. तुमचं ऑर्डर्स टेबल तुकडे होऊन वर्करवर पडलंय आणि कोऑर्डिनेटर, म्हणजे मुख्य नोड, प्रत्येक तुकड्यासाठी वेगळी क्वेरी पाठवतो. लॉक लागतो वर्करवर. कोऑर्डिनेटरवरची पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी फक्त स्वतःच्या नोडचं सांगते, म्हणून तिथे नुसतं 'ॲक्टिव्ह' दिसतं.
सायटस_स्टॅट_ॲक्टिव्हिटी हा व्ह्यू (तयार यादी) बघा, सगळ्या नोडचं एकत्र मिळेल. इज_वर्कर_क्वेरी 'फॉल्स' ठेवलंत की शार्डवरच्या ओळी गळून मूळ क्वेरी उरतात. कोणी कोणाला अडवलंय ते सायटस_लॉक_वेट्समध्ये थेट दिसतं.
आणि मॉनिटरिंगच्या युजरला पीजी_मॉनिटर रोल द्या, म्हणजे दुसऱ्यांच्या क्वेरीचा मजकूर दिसेल. रोल सगळ्या नोडवर पोचला का तेही तपासा.

जुना_पहारेकरी
एवढं कशाला? सायटस_वर्कर_स्टॅट_ॲक्टिव्हिटी घ्या आणि कोऑर्डिनेटरच्या व्ह्यूशी जॉइन करा. मी वर्षानुवर्षं तेच वापरतोय.

तळटीप
२०२२ साली आलेल्या सायटस ११ मध्ये तो व्ह्यू काढून टाकला. तुमचा सेटअप जुना असेल.

जुना_पहारेकरी
जुना आहे, पण बिनतक्रार चालतोय. दर आवृत्तीला व्ह्यूची नावं बदलली की स्क्रिप्टा कोणी बदलायच्या?

उंबरठा
मुळात प्रोमिथियस आणि ग्राफाना ही देखरेखीची साधनं लावलेली असती तर ही वेळच आली नसती. लॉकचा आलेख चढला की अलर्ट.

खडूफळा
लॉक वाढले हे आलेख सांगेल. तो धरून कोण बसलंय, हे त्या क्षणी व्ह्यूमध्येच बघावं लागतं.

उंबरठा
कोणाला कधीपासून अडवलंय तेही एक्स्पोर्टरमध्ये (प्रोमिथियसला आकडे पुरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) क्वेरी घालून साठवता येतं. आम्ही साठवतो. घटना उलटून गेल्यावर व्ह्यूमध्ये काय सापडणार?

पाटीपेन्सिल
डेडलॉक, म्हणजे क्वेरी एकमेकींची वाट बघत अडकणं, तर नाही ना?

तळटीप
नसावा. नोडानोडांमधला डेडलॉक सायटस स्वतः ओळखतो आणि त्यातली एक क्वेरी रद्द करतो. इतका वेळ टिकलाय म्हणजे साधा लॉक आहे, कोणीतरी ट्रान्झॅक्शन उघडी ठेवली आहे.

निळी_शाई
दिसलं!! आवृत्ती १२ आहे. लॉक_वेट्समध्ये सगळ्यांच्या समोर ब्लॉकिंग_जीपीआयडी एकच, ३००००००४८१२. पण कोऑर्डिनेटरवर या पीआयडीची (प्रोसेस क्रमांकाची) प्रोसेसच नाही.

तळटीप
तो ग्लोबल पीआयडी आहे. शेवटचे दहा अंक त्या नोडवरचा पीआयडी, त्याआधीचा नोडचा क्रमांक. म्हणजे नोड ३, प्रोसेस ४८१२. नोड ३ कुठला ते पीजी_डिस्ट_नोडमध्ये दिसेल. सायटस ११ पासून वर्करवरूनही क्वेरी चालवता येतात, त्यामुळे कोणीतरी थेट वर्करला जोडलेलं असणार.
पीजी_कॅन्सल_बॅकएंडला हाच आकडा द्या, कुठल्याही नोडवरून चालेल.

निळी_शाई
दिला. उत्तर 'ट्रू' आलं, पण ओळ तशीच आहे आणि अपडेटही अडकलेलेच!

खडूफळा
त्या ओळीचं 'स्टेट' काय?

निळी_शाई
आयडल इन ट्रान्झॅक्शन.

खडूफळा
मग कॅन्सल करायला तिथे चालू क्वेरीच नाही. अपडेट कधीच झालाय, कमिट (बदल पक्का करणं) राहिलाय, लॉक तसाच धरलेला. पीजी_टर्मिनेट_बॅकएंड द्या, त्याने कनेक्शनच तुटतं आणि ट्रान्झॅक्शन रोलबॅक होते, म्हणजे तिचे बदल मागे घेतले जातात. आधी ॲप्लिकेशन_नेम आणि क्लायंट_ॲड्रेस टिपून ठेवा, नंतर सापडणार नाही.

निळी_शाई
सुटलं. रांग भराभर ओसरली. क्लायंट_ॲड्रेस रिपोर्टिंगच्या मशीनचा निघाला, त्यावरची स्क्रिप्ट थेट वर्करला जोडते. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय लावू?

तळटीप
आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट, ट्रान्झॅक्शन उघडी ठेवून रिकामं बसलेलं कनेक्शन ठराविक वेळाने तोडतो. मुळात तो शून्य, म्हणजे बंद असतो. आधी फक्त त्या स्क्रिप्टच्या युजरला लावा, सगळ्यांना एकदम नको. तो युजर थेट वर्करला जोडतो, म्हणून सेटिंग त्या वर्करवरही लागू झालंय का बघा.

कोरी_वही
कॉकरोचडीबीत हेच कसं बघायचं?

वेगळी_वाट
'शो क्लस्टर क्वेरीज', आणि थांबवायला 'कॅन्सल क्वेरी'. पुढचं नवीन धाग्यात विचारा, तिथे सविस्तर लिहितो.