२२० आला म्हणजे मेल सुरू आहे का?

सीताबर्डीकर :
नागपुरातील ज्या लहानमोठ्या कार्यालयांचे मेल सर्व्हर मी पाहतो, तेथे नागिओसमध्ये, म्हणजे सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मेलसाठी बहुधा एकच तपासणी लावलेली असते: पोर्ट २५ शी, म्हणजे मेल आत येण्याच्या दाराशी, जोडणी करायची आणि समोरून २२०, म्हणजे ‘तयार आहे’ हा संकेतांक, आला की हिरवा दिवा. यावरून सर्व्हर जिवंत आहे एवढेच कळते. मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्रॅम म्हणजे पोस्टफिक्स; त्याच्या रांगेची डिस्क भरत आली की तो २२० देतो, ‘एहलो’ या नमस्काराला २५० (ठीक) देतो आणि ‘मेल फ्रॉम’ म्हणून प्रेषक सांगितल्यावर मात्र ‘४५२ ४.३.१’, म्हणजे साठवायला जागा नाही, असे सांगून मेल नाकारतो; आपली तपासणी तोवर समाधानाने परत फिरलेली असते. म्हणून बाहेरच्या खात्यावरून दर पाच मिनिटांनी खरीखुरी मेल पाठवावी, ती आयमॅपने, म्हणजे पेटीतली मेल वाचण्याच्या पद्धतीने, पोर्ट ९९३ वरून उचलावी आणि लागलेल्या वेळेवर अलर्ट ठेवावा. बाकीच्या तपासण्या असल्या काय नि नसल्या काय.

वर्धा रोड :
शेवटच्या वाक्याला माझा सक्त विरोध आहे. ग्रेलिस्टिंग लावलेला सर्व्हर अनोळखी प्रेषकाला पहिल्या वेळी मुद्दाम ४५० (नंतर या) देऊन परत पाठवतो, आणि पुन्हा प्रयत्न करण्याआधी निदान ३० मिनिटे थांबावे अशी आरएफसी ५३२१ या मेलच्या नियमांच्या दस्तऐवजाची शिफारस आहे. म्हणजे कोठेही बिघाड नसताना तुमचा अलर्ट वाजू शकतो. चाचणीच्या प्रेषकाला सूट द्यावी, तर ती मेल इतरांच्या वाटेने जातच नाही. शिवाय रात्री अडीच वाजता फोन वाजून ‘मेल आली नाही’ एवढेच कळणार असेल, तर शोध शून्यापासून करावा लागतो. ५८७ (मेल पाठवायला देण्याचे पोर्ट), ९९३, रांग आणि सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत यांच्या तपासण्या वेगवेगळ्या असल्या, तर कोठे हात घालायचा ते लगेच कळते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे ९० दिवसांचे प्रमाणपत्र वापरत असाल, तर २१ दिवस उरल्यावर पिवळा आणि ७ उरल्यावर लाल, एवढे पुरते.

सीताबर्डीकर :
रांगेची तपासणीही लोक चुकीची लावतात. शंभर मेल अडकल्या की लाल, असे ठेवले तर पगारपत्रके सुटण्याच्या दिवशी दरमहा खोटी बोंब होते, आणि पुढच्या महिन्यापासून तिच्याकडे कोणी पाहत नाही. संख्येपेक्षा सर्वांत जुन्या मेलचे वय मोजावे; पोस्टफिक्सचा ‘क्यूशेप’ रांगेतल्या मेल वयानुसार मांडून दाखवतो. डव्हकॉट, म्हणजे मेल पेटीत ठेवून वाचायला देणारा प्रोग्रॅम, बंद पडला तर पोस्टफिक्स मूळ मांडणीप्रमाणे पाच दिवस मेल धरून ठेवतो आणि प्रेषकाला तोवर अवाक्षर कळत नाही. अशा वेळी माझी मेल पाठवून उचलण्याची फेरी पूर्ण होत नाही आणि बिघाड लगेच उघडा पडतो.

लष्करीबाग :
दोघांचाही वाद सर्व्हरच्या आतल्या गोष्टींवर आहे. मी पाहिलेल्या एका कार्यालयात नागिओस त्याच रॅकमध्ये होता आणि त्याचे अलर्ट त्याच मेल सर्व्हरमधून जात. मे महिन्यात भर दुपारी वीज गेली, यूपीएस संपला, आणि कोणालाच काही कळले नाही, कारण सांगणाराही अंधारातच होता. पहिली तपासणी बाहेरच्या जागेवरून हवी आणि अलर्ट एसएमएसने यावा. तसेच नागिओसमध्ये राउटरला सर्व्हरचा ‘पेरंट’, म्हणजे वाटेतला आधीचा दुवा, नेमावे, नाहीतर एक लाईन तुटली की वीस अलर्ट येतात.

वर्धा रोड :
हे मान्य. सीताबर्डीकरांसाठी मधला मार्गही आहे: ‘चेक एसएमटीपी’ला, म्हणजे नागिओसच्या त्याच पोर्ट २५ च्या तपासणीला, ‘मेल फ्रॉम’ आणि ‘आरसीपीटी टू’पर्यंत (मेल कोणाला ते सांगण्यापर्यंत) नेऊन तेथूनच ‘क्विट’ करून निरोप घ्यायला लावावे. डिस्क भरल्याचा ४५२ पकडला जातो आणि मेलपेटीत कचराही साचत नाही. पूर्ण फेरी ठेवायचीच असेल, तर तिने फक्त पिवळा दिवा लावावा, माणसाला झोपेतून उठवू नये.

सीताबर्डीकर :
‘आरसीपीटी टू’ची सूचना आजच लावतो. पण ‘डेटा’च्या, म्हणजे मजकूर पाठवण्याच्या, पुढे स्पॅम-चाळणी आहे, डव्हकॉट आहे, तेथे तुमची तपासणी पोहोचतच नाही. लागोपाठ तीन फेऱ्या फसल्या तर माणूस उठलाच पाहिजे, यावर मी ठाम आहे.