गुर्जिएफ तत्त्वज्ञ की संगीतकार? सुरुवात कुठून करावी?

पेटीवाला_कराड

नमस्कार मंडळी, गुर्जिएफबद्दल कोणी नीट वाचलंय का? मी नाव पहिल्यांदा ओशोंच्या प्रवचनात ऐकलं, इथल्या बऱ्याच जणांचं तसंच असेल, आणि कोणीतरी रशियन गूढ गुरू एवढंच डोक्यात राहिलं. आता परवा येरेवानच्या एका वाद्यवृंदाचं रेकॉर्डिंग सापडलं, दुदुक, कानोन, ऊद, कमांचा असली वाद्यं, आणि खाली संगीतकार म्हणून गुर्जिएफचं नाव! तेव्हापासून दुसरं काही लावलेलंच नाही. शोधायला गेलो तर कुठे ग्रीक लिहिलंय कुठे आर्मेनियन, कुठे तत्त्वज्ञ तर कुठे चक्क भोंदू, जन्मसालसुद्धा १८६६ पासून १८७७ पर्यंत वाट्टेल ते. मला दोन गोष्टी कळून घ्यायच्यात. हे संगीत खरंच त्याचं का? आणि एवढी मोठमोठी लिहिणारी, वाजवणारी माणसं त्याच्याभोवती जमली कशी? त्याचं ते जाडजूड पुस्तक उघडलं होतं पण एकेक वाक्य संपता संपत नाही, म्हणून आधी इथे विचारतोय.

निरंजन_ठाणे

जन्म अलेक्झांड्रोपोलचा, म्हणजे आजचं आर्मेनियातलं ग्युम्री, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. वडील ग्रीक, आई आर्मेनियन, बालपण बरंचसं कार्सला, त्यामुळे दोन्ही लिहिणारे बरोबरच आहेत. वडील अशुघ होते, आपल्याकडच्या शाहिरासारखे, जुन्या कथा पाठ म्हणायचे आणि गायचे. गिल्गमेशची कथा त्यांच्या तोंडून ऐकलेली होती आणि पुढे मासिकात बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांबद्दल वाचलं तेव्हा तेच कडवं समोर आलं असं तो स्वतः सांगतो. मला वाटतं त्याचं सगळं मूळ इथेच आहे, ज्ञान पुस्तकात नाही तर माणसाकडून माणसाकडे, तोंडातून कानात जातं हे त्याने घरातच बघितलं. १९१८ मध्ये तुर्की फौजा अलेक्झांड्रोपोलवर आल्या त्यात वडील मारले गेले.

आता माणसं कशी जमली. १९१२ च्या आसपास तो मॉस्कोत आला. १९१५ ला तिथे त्याला उस्पेन्स्की भेटला, हा पत्रकार, गणितात रस असलेला, नुकताच भारत आणि श्रीलंका फिरून आलेला, मद्रासजवळ अड्यारला थिऑसॉफिस्टांकडे, म्हणजे सर्व धर्मांतलं गूढ ज्ञान शोधणाऱ्या मंडळींकडेही जाऊन आलेला, आणि जे शोधत होता ते न मिळाल्यामुळे अस्वस्थ. गुर्जिएफने त्याला सांगितलं की माणूस झोपेत जगतो, चालतो बोलतो भांडतो पण सगळं आपोआप, यंत्रासारखं. फकीर शरीरावर काम करतो, साधू भावनेवर, योगी बुद्धीवर, आणि त्यासाठी तिघेही संसार सोडतात, पण चौथा मार्ग म्हणजे आहे त्या आयुष्यात राहून तिन्हींवर एकाच वेळी काम. शिकलेल्या लोकांना हे भिडलं कारण नुसतं वाचून काही होणार नाही असं तोंडावर सांगणारा कोणीतरी भेटला.

मग क्रांती आली, गट दक्षिण रशियातल्या एस्सेंतुकी गावी, तिथून कॉकेशस ओलांडून तिफ्लिस (आजचं तिबिलिसी), कॉन्स्टँटिनोपल, बर्लिन असं करत १९२२ मध्ये पॅरिसजवळ फोंतेनब्लोला प्रिऊरे नावाच्या जुन्या वाड्यात संस्था सुरू झाली. लंडनच्या ‘द न्यू एज’चा संपादक ओरेज आपलं साप्ताहिक सोडून तिथे आला आणि त्याच्या हातात कुदळ दिली गेली, खणत बस म्हणून! कथालेखिका कॅथरीन मॅन्सफिल्ड क्षयाने खंगलेली तिथे आली. तिच्यासाठी गोठ्याच्या वर माच्यासारखी बसायची जागा केली होती आणि गटातला चित्रकार अलेक्झांडर साल्झमान याने तिथे पशुपक्षी रंगवले होते. ती तिथेच ९ जानेवारी १९२३ ला गेली, वय ३४. यावरून तेव्हाच्या पेपरवाल्यांनी गुर्जिएफला खूप झोडपलं, पण ती आली तेव्हाच आजार शेवटाला पोचला होता हे लक्षात घ्यायला हवं.

कोमलनिषाद

संगीताचं मी सांगते कारण मला या माणसाकडे संगीतानेच नेलं. त्याचं म्हणून जे पियानोसंगीत वाजवतात ते एकट्याचं नाही, थॉमस द हार्टमान हे नाव बरोबरीने घ्यायलाच पाहिजे. हार्टमान हा झारच्या काळातला शिकलेला संगीतकार, त्याचा बॅले १९०७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला झाला तेव्हा पावलोवा आणि निजिन्स्की त्यात नाचले होते, म्हणजे नाव झालेला माणूस. १९१६ च्या शेवटी तो गुर्जिएफला भेटला आणि नंतर बायको ओल्गासकट सगळं सोडून त्याच्याबरोबर निघाला.

१९१९ मध्ये तिफ्लिसला असताना गुर्जिएफने या दोघांना मुद्दाम येरेवानला पाठवलं, तिथे त्यांनी कोमितासची गाणी सादर केली. कोमितास म्हणजे आर्मेनियाची लोकगीतं गावोगाव फिरून जमवणारा पाद्री, १९१५ मध्ये ऑटोमन तुर्कांनी आर्मेनियन लोकांची धरपकड केली त्यात पकडला गेला, सुटला पण मन कायमचं मोडलं. म्हणजे हार्टमानने त्या मुलखाचे सूर कानात भरून घेतल्यावरच पुढचं काम झालं.

ते काम मुख्यतः १९२५ ते १९२७ मधलं. प्रिऊरेत संध्याकाळी सगळे बसलेले असताना गुर्जिएफ शीळ घालायचा किंवा एका बोटाने पियानोवर सूर काढायचा, हार्टमान भराभर स्वरांचं टिपण करायचा, पण दुसऱ्यांदा वाजवताना हरकती मुरक्या बदललेल्या, लिहिणाऱ्याने पकडायचं काय! आणि त्याचं लिहून व्हायच्या आत हा पियानोच्या झाकणावर बोटांनी ठेका द्यायला लागायचा, की खालची साथ या ठेक्यावर बांध. अशा तीनेकशे रचना झाल्या. चाल, ठेका गुर्जिएफचा, लेखन आणि स्वरसंगती हार्टमानची. आपल्यातल्या गाणाऱ्यांना यात विचित्र वाटायचं कारणच नाही.

तू पेटीवाला आहेस म्हणून अजून एक. सा रे ग म प ध नी सा शुद्ध स्वर घे, ग-म आणि नी-सा इथलं अंतर बाकीच्यांच्या निम्मं. गुर्जिएफचा सप्तकाचा नियम यावरच उभा आहे, कुठलंही काम सुरू झालं की या दोन जागी ढिलं पडतं, तिथे बाहेरून धक्का मिळाला नाही तर दिशा वाकडी होते. मी रियाजाबद्दल इतकं नेमकं दुसरीकडे वाचलेलं नाही.

साशंक_नागपूर

वरचं सगळं मान्य पण भोंदू का म्हणतात तेही सांगा ना. मध्य आशियातल्या ज्या मठांत शिकलो असं तो म्हणतो त्यांचा पत्ता आजपर्यंत कोणाला लागलेला नाही, तारखा जुळत नाहीत. आणि ही जवळची माणसं टिकली कुठे? उस्पेन्स्की १९२४ ला वेगळा झाला, हार्टमान १९२९ ला, ओरेजही नंतर. ज्याने माणसं जोडली त्यानेच तोडली, मला हे क्रूर वाटतं.

कोमलनिषाद

क्रूर वाटतं हे मलाही मान्य आहे, हार्टमानचा वियोग वाचताना मला त्रासच होतो. पण तोडल्यावर ते काय करत राहिले ते बघा. उस्पेन्स्की वेगळा होऊनही आयुष्यभर तीच शिकवण शिकवत राहिला, त्याच्या मृत्यूनंतर १९४९ ला त्याचं पुस्तक आलं आणि त्याआधी गुर्जिएफने हस्तलिखित वाचून घेऊन त्याला मान्यता दिली. हार्टमानने परत गुर्जिएफचं तोंड बघितलं नाही पण त्या रचना जपल्या, म्हातारपणी स्वतः वाजवून रेकॉर्ड केल्या. फसवलेली माणसं असं करत नाहीत. मठांचं मात्र तुमचं बरोबर आहे, तो भाग मी कथा म्हणूनच वाचते.

पेटीवाला_कराड

खूप खूप आभार, एवढं एका जागी कुठेच मिळालं नव्हतं. आता ऐकायचं कुठल्या क्रमाने?

निरंजन_ठाणे

येरेवानचा तो वाद्यवृंद लेव्हॉन एस्केनियानचा, त्याने पियानोच्या रचना परत त्या मुलखातल्या वाद्यांवर नेल्या, ते तू ऐकतोच आहेस. त्यानंतर हार्टमानची स्वतःची पियानो रेकॉर्डिंग, मग १९८० चं पियानोवादक कीथ जॅरेटचं. आणि सगळ्यात शेवटी गुर्जिएफने पॅरिसच्या घरी वाजवलेलं, १९४९ ला तो गेला त्याच्या थोडं आधीचं. आवाज खरखरीत आहे पण वाद्य कुठलं तर छोटी हातपेटी, एका हाताने भाता आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या.

पेटीवाला_कराड

काय सांगता, पेटी! लिंक असेल तर इथेच टाका, आज रात्रीच ऐकतो.