मदत हवी आहे : वजनाचं ऑपरेशन पाच आठवड्यांवर आलंय आणि मिश्रीचं डॉक्टरांना सांगितलेलं नाही

नमस्कार. मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेत राहते. वय 44, घरीच ब्लाऊज शिवते. वजन 108 किलो, उंची पाच फूट दोन इंच, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 43 च्या वर. सात वर्षं शुगर आहे. झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री मशीनचा मास्क लावावा लागतो.

ऑपरेशन करू का नको, हे विचारत नाही. रंकाळ्याला दोन वर्षं पहाटे फेऱ्या मारल्या, भात सोडला, 11 किलो उतरले आणि दिवाळी ते गुढीपाडवा एवढ्यात 13 परत चढले. आता ठरलंय. दुर्बिणीतून स्लीव्ह करणार आहेत. जठराचा साधारण पाऊण भाग काढतात आणि केळ्यासारखी नळी उरते, असं डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. विम्याचंही मार्गी लागलंय, बीएमआय 40 च्या वर असल्यामुळे नियमात बसतंय. रक्त, सोनोग्राफी, इको, एंडोस्कोपी सगळं झालं.

अडलंय ते दुसरीकडंच. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू वगैरे?" एका बाजूला मिस्टर, एका बाजूला सासूबाई. मी "नाही" म्हणाले. कागदावरही तेच लिहिलं गेलं.

मी बाराव्या वर्षापासून मिश्री लावते. माहेरी आई तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, बारीक करायची, त्यातलीच चिमूटभर आम्हा पोरींना दात घासायला. आता डबी शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये असते, बॉबिनच्या खाली. सकाळी एकदा, दुपारी जेवल्यावर एकदा. ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं धरतं. सासूबाईंना ठाऊक असावं, पण वीस वर्षांत विषय निघालेला नाही.

मिश्री तंबाखूत धरतात का? धरत असतील तर आता, सगळं ठरल्यावर, कोणत्या तोंडानं सांगू? ऑपरेशन रद्द करतील का?

आणि दुसरं स्वयंपाकाचं. शेवटचे दोन आठवडे भात-भाकरी जवळजवळ बंद, प्रोटीन जास्त, असा आहार दिलाय. घरात सहा माणसं, रविवारी तांबडा-पांढरा होतोच आणि करणारी मीच. "नुसता पांढरा रस्सा प्यायला काय होतंय, पातळच तर आहे," असं सासूबाई मायेनंच म्हणतात. त्यांना कसं समजावू?

प्रतिसाद 1

ताई, मी इचलकरंजीची. माझं स्लीव्ह 2021 ला झालं.

मिश्री म्हणजे तंबाखूच. भाजली तरी निकोटीन राहतं आणि हिरडीतून रक्तात जातं. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचतं. तुमच्या जठराला पिनांची लांबलचक शिवण बसणार आहे. टाका कच्चा राहिला तर काय होतं ते शिवणाऱ्या बाईला मी काय सांगू! ती शिवण गळली तर जिवावर बेततं. माझ्या शेजारच्या बेडवरच्या दादांना तंबाखू सहा आठवडे आधी सोडायला लावली होती. तुमचीही तारीख कदाचित पुढं जाईल, जाऊ दे. उद्याच फोन करा, डॉक्टरांशी दोन मिनिटं एकटीनं बोलायचंय म्हणा. सोडायला मदत लागली तर 1800-11-2356 हा तंबाखू सोडवण्याचा सरकारी नंबर आहे, फुकट लागतो.

सासूबाईंना लिव्हरचं सांगा. आपल्यासारख्यांच्या लिव्हरमध्ये चरबी साठलेली असते आणि ते नेमकं जठरावर येतं. दोन आठवडे पिठूळ-गोड बंद केलं की ते आकसतं, दुर्बिणीला जागा होते. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध, काजू, खसखस; पातळ दिसला तरी जडच. अळणी, म्हणजे मसाला न घातलेलं मटण शिजवल्याचं पाणी, मात्र गार करून वरची चरबी काढून, गाळून मला ऑपरेशननंतर चालली होती. तुमच्या आहारतज्ज्ञांना विचारा.

एक विसरू नका. हा आहार सुरू झाला आणि शुगरच्या गोळ्या तेवढ्याच राहिल्या तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. डोस आधी विचारून घ्या.

घोट घोट प्यायची सवय आत्तापासून लावा. मी खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं पाणी प्यायचे. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. ऐकायला सोपं वाटतं, मला महिना लागला.

धागाकर्ती

ताई, काल एकटीच गेले. डॉक्टर रागावले नाहीत. कागदावरचं "नाही" खोडून "मिश्री, 32 वर्षं" असं लिहिलं. तारीख तीन आठवडे पुढं गेली. गोळ्यांचा डोस आहार सुरू होण्याआधी बदलून देणार आहेत.

घरी येऊन डबी सासूबाईंच्या हातात दिली. त्या काही बोलल्या नाहीत. मोरीत रिकामी केली, राखेनं घासली, पुसली आणि माझ्या बॉबिन तिच्यात भरून मशीनवर ठेवली.

आज दुसरा दिवस. डोकं जड आहे ते सोसेन, पण सकाळी पोट अजिबात साफ होत नाही. कोमट पाणी घेऊन पाहिलं. ज्यांनी मिश्री सोडलीय त्यांनी यावर काय केलं, किती दिवसांत बसलं, तेवढं सांगा.