'पाणी मुरणे' प्रेमाबद्दल वापरता येतं का?

वाघूरकाठ:
एका वाक्प्रचारावरून संपादकांशी मतभेद झालाय, म्हणून इथे विचारते. एका दिवाळी अंकासाठी इंग्रजी लेखाचा अनुवाद करतेय. विषय हॅरी पॉटर आणि हर्मायनी यांच्यातलं न बोललेलं प्रेम. 'डेथली हॅलोज' सिनेमाच्या पहिल्या भागात (२०१०) त्यांचा मित्र रॉन भांडून निघून जातो आणि तंबूत हे दोघंच उरतात. रेडिओवर गाणं लागलेलं असतं. हॅरी उठतो, तिच्यापुढे हात करतो, तिच्या गळ्यातलं ते काळ्या जादूचं लॉकेट काढून बाजूला टाकतो, आणि दोघं नाचतात. आधी वेडंवाकडं, हसत. मग हसू विरत जातं, क्षणभर दोघं तसेच जवळ थांबतात, आणि ती काही न बोलता निघून जाते. एवढंच. पुस्तकात हा नाच नाही.

मी लिहिलं, 'या दोघांत कुठेतरी पाणी मुरतंय.' संपादकांनी ते खोडलं. म्हणाले, पाणी घोटाळ्यात मुरतं, प्रेमात नाही.

पण सावद्याला आमच्या घरी मी हे प्रेमाबद्दलच ऐकलंय. आमची केळी कापायला आली की घडांची मोजदाद लिहायला एक मुलगा यायचा. आत्या त्याला पाणी नेऊन द्यायची. तो पाणी प्यायचा, पण तांब्या लगेच परत द्यायचा नाही. मांडीवर धरून बसायचा, आणि आत्याही तांब्यासाठी तिथेच उभी राहायची. बोलणं फक्त घडांचं. आजी ओट्यावरून बघत असायची. एकदा ती आईला म्हणाली, 'पानी मुरून राह्यलं, बाई.' आवाजात राग नव्हता. दोन वर्षांनी त्यांचं लग्न झालं.

तर प्रश्न असा: हा वापर फक्त आमच्या घरचा, की तुमच्याकडेही आहे?

निवृत्त मास्तर:
ताई, आजींबद्दल आदर ठेवून सांगतो, संपादकांचं बरोबर आहे. भिंतीत पाणी मुरलं की पोपडे येतात, ओल धरते, शेवटी भिंत खचते. वाक्प्रचार तिथून आला. त्यात लपवाछपवी आहे, नुकसान आहे. 'ठेक्यात पाणी मुरतंय' म्हणतात ते त्याच अर्थाने. तुम्ही तो या दोघांना लावलात तर वाचक समजेल की ते रॉनच्या पाठीमागे काहीतरी लबाडी करताहेत. पुस्तकात तर हॅरी स्वतः रॉनला सांगतो की ती मला बहिणीसारखी आहे. साधं 'अव्यक्त प्रेम' लिहा.

रावेरची लेक:
'अव्यक्त प्रेम' भाषणातलं वाटतं. सरळ 'केमिस्ट्री' लिहा ना. मराठी परीक्षणांत रोज छापून येतं, माझी आईसुद्धा मालिका बघताना म्हणते, 'यांची केमिस्ट्री छान आहे.' शब्द लोकांच्या तोंडी रुळला म्हणजे तो आपला झाला.

वाघूरकाठ:
आधी तेच लिहिलं होतं, मग लक्षात आलं की केमिस्ट्री नटांची असते. डॅनियल रॅडक्लिफ आणि एमा वॉटसन यांची केमिस्ट्री म्हणजे दोघांचं पडद्यावर एकत्र दिसणं छान जमलंय. मला बोलायचंय पात्रांबद्दल.

मध्ये 'रसायन' लिहून पाहिलं. वडिलांना मथळा वाचून दाखवला, 'हॅरी आणि हर्मायनीमधलं रसायन'. बाबांचा जन्म केळीत गेला. ते म्हणाले, 'रसायनाने पिकवलंय म्हणजे खोटं ना?' त्यांच्यासाठी तो शब्द तिथेच संपला.

चोपडेकर:
वडिलांना सांगा की हा शब्द मुळात औषधाचा आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक रसायन, म्हातारपण लांब ठेवणारं. च्यवनप्राश हे रसायनच. आणि माणसाला आपण म्हणतोच की, 'अजब रसायन आहे हा!' दोघांबद्दल मात्र मीही म्हणणार नाही. मी 'सूत जुळणे' सुचवेन.

माझे आजोबा अमळनेरला गिरणीत होते. तुटलेला धागा जोडायचं काम. दोन्ही टोकं चिमटीत धरून अंगठ्याने एक पीळ द्यायचा. नवखा असेल तर गाठ दिसते, हात बसलेला असेल तर जोड कुठे आहे हे शोधूनही सापडत नाही. ते आम्हाला घरच्या दोऱ्यावर करून दाखवायचे. सूत जुळणं हे तिथूनच आलंय याबद्दल माझ्या मनात शंका नाही. न दिसणारा जोड. याहून चांगला शब्द या प्रसंगाला कुठे मिळणार?

निवृत्त मास्तर:
गिरण्या आल्या कालपरवा. सूत घरोघरी चरख्यावर निघत होतं तेव्हापासून ते जुळतंय. आजोबांचा धागा खरा, व्युत्पत्ती मात्र तुमची.

चोपडेकर:
चरख्यावरही धागा तुटतो आणि जोडावाच लागतो, मास्तर. माझा मुद्दा जोडाचा आहे, गिरणीचा नाही.

रावेरची लेक:
पण 'सूत जुळलं' म्हटलं की गावाला कळलेलं असतं. पुढे पत्रिका छापायचीच बाकी. इथे जुळलेलं नाहीच. ती उठून निघून जाते.

शब्दवेल्हाळ:
संस्कृत काव्यशास्त्रात याची सोय आहे. शब्दाच्या तीन शक्ती: अभिधा, लक्षणा, व्यंजना. सांगितलेलं नाही पण सुचवलेलं आहे, तो ध्वन्यर्थ. आनंदवर्धनाने नवव्या शतकात काश्मीरात बसून यावर ग्रंथ लिहिला. आपल्याकडे एवढं असताना केमिस्ट्रीची उसनवारी कशासाठी? डोळ्यांच्या खुणांपुरतं बोलायचं तर 'नेत्रपल्लवी' हा सुंदर शब्द पडून आहे.

वाघूरकाठ:
नेत्रपल्लवी मलाही आवडतो, पण त्यात खुणा करणाऱ्या दोघांनाही माहीत असतं, इतरांना नसतं. इथे उलट आहे. त्या दोघांना धड माहीत नाही आणि बघणाऱ्याला दिसतंय. आत्याला विचारलं असतं तर ती शपथेवर म्हणाली असती की मी तांब्यासाठी उभी होते. मला हीच जागा दाखवणारा शब्द हवाय.

ध्वन्यर्थाबद्दल म्हणाल तर तो कवीने मुद्दाम ठेवलेला असतो. इथे नाच सिनेमावाल्यांनी घातला, कथा ज्यांची त्या लेखिकेने हर्मायनीचं लग्न रॉनशी लावलं. आणि त्याच रोलिंगबाई २०१४ मध्ये एका मुलाखतीत म्हणाल्या की ही जोडी आपण आपल्या वैयक्तिक कारणांनी लावली. मग ध्वनी कोणाचा मानायचा?

पांझराकाठचा:
मी धुळ्याचा. पाणी मुरणं ही वाईट गोष्ट आहे हे फक्त भिंतीकडे बघणारा म्हणेल, शेताकडे बघणारा म्हणणार नाही. शिरपूरला सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद आणि खोल करून बंधारे घातले ते कशासाठी? पाणी मुरावं म्हणूनच. आमच्या मामांचं शेत तिकडेच आहे. बंधाऱ्यातलं पाणी दिवाळीनंतर आटताना दिसायचं, नवखा माणूस हळहळायचा की वाया गेलं. पण खालच्या अंगाच्या विहिरीत उन्हाळ्यात हात बुडेल इतकं पाणी यायचं. जिथे मुरतं तिथे दिसत नाही, दिसतं दुसरीकडेच आणि उशिरा. ताई, तुमच्या तंबूत नेमकं हेच झालंय. तुमची आजी केळीच्या मळ्यातली बाई, तिला पोपडे आठवणार की विहीर?

लोणचंसुद्धा मुरतं. मुरलेला माणूस म्हणजे जाणता. मराठीत मुरणं वाईट कधीपासून झालं?

आमनाकडे 'पानी मुरी ऱ्हायनं' अस म्हनतस, आणि मी ते पोरापोरींबद्दलच जास्त ऐकलंय.

निवृत्त मास्तर:
मुरणे वाईट असं मी म्हटलेलंच नाही. 'कुठेतरी' हा शब्द आला की संशय येतो. 'कुठेतरी पाणी मुरतंय' हा अख्खा सांगाडा संशयाचा आहे. छापील मराठी वाचणारा नागपूर-कोल्हापूरचा वाचक तुमच्या विहिरीपर्यंत कसा पोचेल?

रावेरची लेक:
संशय असू दे की! पुढे रॉन लॉकेट फोडतो तेव्हा त्यातून काय निघतं आठवा. हॅरी आणि हर्मायनी एकमेकांना कवटाळताना. तीच त्याची भीती होती. रॉनच्या बाजूने बघितलं तर भिंत, दोघांच्या बाजूने बघितलं तर विहीर. एकाच वाक्प्रचारात दोन्ही बसतं. मी माझी केमिस्ट्री मागे घेते. ताई, खोडू देऊ नका.

वाघूरकाठ:
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. 'कुठेतरी' काढून बघते. आजीने 'कुठेतरी' म्हटलंच नव्हतं. तिला ठिकाण माहीत होतं.

शब्दवेल्हाळ:
बोलीतलं बोलीत गोड लागतं. लेखात प्रमाण मराठी हवी. उद्या प्रत्येकाने आपल्या आजीचा अर्थ आणला तर कोशाला काय अर्थ राहील?

चोपडेकर:
कोश आज्यांकडूनच भरलाय. बहिणाबाईंनी मनाला 'वढाय' म्हटलं, तो 'ओढाळ'च. ओढाळ म्हणजे दुसऱ्याच्या पिकात शिरणारं ढोर. मनाची ओढ आणि ढोराचा ओढाळपणा हे एकाच मुळाचे शब्द. अहिराणीने मराठीला दिलेलं हे देणं आहे.

वाघूरकाठ:
चोपडेकर भाऊ, वढाय अहिराणी नाही. बहिणाबाई आसोद्याच्या, त्यांची बोली लेवा गणबोली. माझी आजी तीच बोलते. तिचं 'मुरून राह्यलं' आणि अहिराणीतलं 'मुरी ऱ्हायनं' यात फरक आहे की नाही?

पांझराकाठचा:
फरक आहे, पण 'ळ'चा 'य' आमच्याकडेही होतो. डोळ्याला आम्हीही डोयाच म्हणतो. एवढ्यावरून वाटणी करू नका.

वाघूरकाठ:
वाटणी करत नाही. पण बाहेरचे लोक सगळ्या खान्देशाला एकच बोली चिकटवतात, तेव्हा आजीची बोली नाहीशी होते. ते मला सहन होत नाही.

चोपडेकर:
मान्य. 'अहिराणी'ऐवजी 'खान्देशी' वाचावं. व्युत्पत्तीवर मात्र ठाम आहे.

निवृत्त मास्तर:
'खान्देशी' म्हणजे कोणती? त्यावर वेगळा धागा काढावा लागेल. पाचोरा-भडगावकडचं कोणी आहे का इथे? दोन्ही बोली जिथे भेटतात तिथे हा वाक्प्रचार कोणत्या रूपात बोलतात?

गिरणाथडी:
मी पाचोऱ्याची. आमच्या गल्लीत दोन्ही ऐकू येतात, 'राह्यलं' पण आणि 'ऱ्हायनं' पण. प्रेमाबद्दल म्हणतात का ते आईला विचारून सांगते. ती आत्ता गच्चीवर बिबडे वाळत घालतेय.