एका ओळीचं उत्तर, दोन वाक्यांचा शोधनिबंध: पूर्ण गुण द्यायचे का?

मिऱ्याबंदर (रत्नागिरी):
घटक चाचणीत प्रश्न घातला होता: क्षच्या वर्गात क्ष आणि ४१ मिळवले की दर वेळी मूळ संख्याच येते का? एका पोराने लिहिलं, 'नाही. क्ष = ४० घ्या. १६८१ = ४१ × ४१.' बस्स. मी चारपैकी चार दिले. स्टाफरूममध्ये जुंपली. सहकारी म्हणतात, पायऱ्या कुठायत? दोनच द्या.
मी लँडर आणि पार्किन यांचा १९६६ चा शोधनिबंध पुढे केला. ऑयलरचा १७६९ चा अंदाज असा, की पाचव्या घातांची बेरीज पुन्हा पाचवा घात व्हायची तर निदान पाच संख्या हव्यात. या दोघांनी सीडीसी ६६०० संगणकावर चारच संख्या शोधल्या: २७, ८४, ११०, १३३. त्यांच्या पाचव्या घातांची बेरीज म्हणजे १४४चा पाचवा घात. निबंध अवघा दोन वाक्यांचा. त्यांचेही गुण कापायचे?

खळ्यातला मास्तर (गुहागर):
त्यांनी निदान कुठल्या यंत्रावर शोधलं ते तरी सांगितलं. तुमच्या पोराने ४० कुठून आणला? शेजारच्याच्या पेपरातून?

तारकर्लीकर:
मास्तर, माका काय ता पटूक नाय. कुठूनही आणूदे, बरोबर आहे ना? मालवण-कसाल एसटीत कट्टा यायच्या आत मी ऑयलरचा निकाल लावला. पाचव्या घाताचा एकक अंक मूळ संख्येचाच राहतो. ७ + ४ + ० + ३ = १४, म्हणजे शेवटी ४. १४४च्याही शेवटी ४. मग मोबाईलवर पूर्ण बेरीज मारली: दोन्हीकडे ६१,९१,७३,६४,२२४. खिडकीतून पाऊस आत येत होता तरी जमलं. आणखी काय लिहायचं होतं त्यांनी?

खळ्यातला मास्तर:
खोडून काढणं सोपं असतं हो, एक उदाहरण पुरतं. पण १९५१ मध्ये लेंझ यांनी 'फिजिकल रिव्ह्यू'त असंच दोन वाक्यांत छापलं: प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या वस्तुमानांचं गुणोत्तर म्हणजे सहा गुणिले पायचा पाचवा घात, १८३६.१२. तेव्हाच्या मोजमापाशी तंतोतंत! का, त्यावर अक्षर नाही. पुढे मोजमाप बारीक झालं, १८३६.१५ निघालं, आणि जुळणी गेली.
दुसरं, झागिअर. १९९० मध्ये त्यांनी चारने भागून एक उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते हे एका वाक्यात सिद्ध केलं. ते वाक्य पटवून घेताना माझी अख्खी दुपार गेली, वीजही गेलेली. पायऱ्या नाहीशा नाही झाल्या, माझ्या वहीत आल्या. साडेतीन पानं!

डहाणूचा चिकू:
आमच्या डहाणूत जन्मलेल्या कापरेकरांना विसरलात? देवळालीचे शाळामास्तर. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, पुन्हा तेच. फार तर सात वेळात ६१७४. पोस्टकार्डावर मावतं.

खळ्यातला मास्तर:
मावतं. आणि 'का?' विचारलं की पोस्टकार्ड संपतं.

तारकर्लीकर:
सगळ्यालाच 'का' लागतं काय मास्तर? बांगडा ताजा आहे की नाही एवढंच बघतो आपण.

मिऱ्याबंदर:
आज त्या पोरालाच विचारलं, ४० कसा सुचला. म्हणाला, 'क्षचा वर्ग अधिक क्ष म्हणजे क्ष गुणिले त्याच्या पुढची संख्या. शेवटी ४१ मिळवायचेत, तर पुढची संख्याच ४१ केली. ४० × ४१ अधिक ४१.'

खळ्यातला मास्तर:
एवढंच लिहिलं असतं पेपरात, तर मी तुमच्याशी भांडलोच नसतो.

मिऱ्याबंदर:
आणि आमच्या सहकाऱ्यांनी तरी तीनच दिले असते.